वयाचा पुरावा

श्रीवर्धन, २२ मे १९३३

श्री. विश्वंभरराव यांस,

मला माझी जन्मपत्रिका हवी आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दुसरं कारण नाही. छत्तीस वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि ही गरज नसती तर पुढेही लिहिली नसती. बाबांच्या मागे त्यांची शिसवी पेटी तुम्ही नागपूरला नेलीत. घरातल्या सगळ्यांच्या पत्रिका त्या पेटीत लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या असत. त्यातली माझी तेवढी काढून रजिस्टर टपालाने पाठवा. चार दिवसांत आगबोट बंद होईल. मग टपाल म्हसळ्यावरून येईल, आणि पावसात ते कधी येईल याचा नेम नाही.

इथल्या कन्याशाळेची मी बारा वर्षं मुख्य शिक्षिका आहे, हे तुमच्या कानांवर आलं असेलच. गेल्या महिन्यात मुंबईचे एक सुपारीचे व्यापारी गावी आले होते. मूळचे इथलेच. शाळेला इमारत बांधून देणार आहेत. त्यांनी मुलींची कवायत पाहिली, शिवण पाहिलं, भूगोलाचे प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. जाताना त्यांनी शाळेच्या मंडळाच्या सेक्रेटरींना एवढंच विचारलं, "बाई फारच वयस्क दिसतात हो. नव्या इमारतीला नवी बाई नको का?"

आठ दिवसांत ठराव झाला. ज्या शिक्षकाला पन्नास वर्षं पुरी झाली त्याने पद सोडावं. शाळेत शिक्षक किती? मी आणि कुमुद. कुमुद चोवीस वर्षांची आहे. म्हणजे ठराव कोणासाठी, हे सांगायला ज्योतिषी नको. नारळी पौर्णिमेनंतरच्या सभेत मी वयाचा पुरावा द्यायचा आहे. विद्यापीठाचे दाखले मी पुढे केले तर म्हणाले, "त्यात तुम्हीच सांगितलेलं वय असणार. तो काय पुरावा?"

माझं वय अठ्ठेचाळीस आहे. शके १८०७, ज्येष्ठ. पत्रिकेत तसंच आहे. माझ्या कानांवरचे केस पांढरे झाले आहेत आणि कपाळावर चार बोटं जागा पांढरी आहे, एवढाच माझा अपराध.

पुढचं लिहिणार नव्हते, पण लिहिते, कारण राग अजून उतरलेला नाही. सेक्रेटरी दत्तात्रेयपंत परवा दुपारी घरी आले. पाणी प्यायले, गूळ खाल्ला, शेवटी उपरण्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली काढून समोर ठेवली.

"हे काय?"

"कलप. मुंबईहून मागवलाय. अगदी बिनवासाचा."

"कोणासाठी?"

"आता बाई, कोणासाठी म्हणजे... मी म्हणतो, बखेडा कशाला? पत्रिका शोधा, कागद काढा. केस काळे दिसले की कोण विचारतोय वय? शेटजींनाही बरं, मंडळालाही बरं. फक्त एकदम नका लावू, डोळ्यांवर येतं. मी कल्ल्यांपासून सुरुवात केली होती."

हे मात्र ते खरं बोलले. त्यांच्या कल्ल्यांचा रंग वैशाखाच्या घामाने ओघळून सदऱ्याच्या गळपट्टीवर काळी रेघ उमटते. सगळा गाव बघतो आणि कोणी बोलत नाही, कारण ते पुरुष आहेत आणि सेक्रेटरी आहेत. मी विचारलं, "पंत, तुमचं वय काय?" तर म्हणाले, "मंडळाच्या सभासदांना ठराव लागू नाही, बाई."

मी विधवा आहे. उद्या मी केस काळे केले तर याच मंडळातले दोघे म्हणतील, विधवेला हे चाळे कशाला? पांढरे ठेवले तर म्हातारी, काळे केले तर छचोर. ती बाटली मी फेकून दिली.

पत्रिका पाठवा.

अनुसूया


श्रीवर्धन, १४ जून १९३३

श्री. विश्वंभरराव यांस,

मी पत्रिका मागितली आणि तुम्ही पोस्टकार्ड पाठवलंत. "अनेक आशीर्वाद" पोचले. प्रकृती बरी आहे. पेटी माळ्यावर आहे, गुडघे दुखतात, मोठा मुलगा दौऱ्यावरून आला की उतरवू, हे वाचलं. इथे वाडीत सुपाऱ्या काढणारा भागोजी साठीला आला. तो अजून सुपारीच्या शेंड्यावर चढून, झाड वाकवून, खाली न उतरता शेजारच्या झाडावर जातो. तुम्हाला एक माळा चढवत नाही.

पण चीड आली ती दुसऱ्याच वाक्याची. "पन्नाशी जवळ आलीच आहे, तर सन्मानाने सोडून दे आणि इकडे ये, सूनबाईला मुलांपायी उसंत नसते, तुझा आधार होईल." छत्तीस वर्षांनी बहिणीला बोलावलंत ते सूनबाईला उसंत नाही म्हणून!

मी का सोडत नाही ते तुम्हाला सांगायला मी बांधलेली नाही. तरी ऐका. यंदा शाळेत प्रथमच सातवीचा वर्ग आहे. चार मुली आहेत. चैत्रात फायनलच्या परीक्षेला बसतील आणि पास झाल्या तर शिक्षिका होऊ शकतील. या गावातून आजवर एकही मुलगी बसलेली नाही. चौघींतली एक राही, त्याच भागोजीची मुलगी. तिला त्रैराशिक तोंडी येतं. तिचा आतेभाऊ मुंबईला गिरणीत आहे, त्याच्याशी लग्न ठरत होतं. भागोजी माझ्या ओसरीत येऊन म्हणाला, "बाय, परीक्षा हुईस्तवर थांबतो. पर तुमी हाव तवर. तुमी गेलाव तर माज्यानं पावन्यांना थांबवनं हुयाचं न्हाय."

कुमुद चांगली आहे, पण तिला सातवीचं गणित शिकवायला अजून दोन वर्षं लागतील. मी गेले तर मंडळ वर्ग बंद करील. दत्तात्रेयपंत तसं बोलूनही गेले, "मुलींना सहावी काय थोडी झाली?" म्हणजे माझ्या केसांवर राहीचं लग्न टांगलेलं आहे. आता कळलं?

केसांचं आणखी एक ऐका. शेजारच्या मनुबाई तुम्हाला आठवत असतील. सत्तरीच्या झाल्या, लाल आलवणात अगदी वाळून गेल्या आहेत. परवा संध्याकाळी माझ्याकडे बघत बसल्या. मला वाटलं आता टोमणा येणार, आणि आलाच.

"काय गं अनुसूये, पांढरी झालीस की!"

"झाले खरी."

"कळलं कधी तुला?"

"तीन-चार वर्षांपूर्वी. आरशात एक दिसला."

त्या पदर डोक्यावर ओढून घेत म्हणाल्या, "आमचे कधी पांढरे झाले ते आम्हाला कळलंच नाही बघ. बाराव्या वर्षीच काढले ना."

आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

त्यानंतर मला तो दिवस आठवला, आणि तुम्हालाही आठवावा असं मला वाटतं. प्लेगात सासरी यजमान गेले, मी माहेरी आले. बाबांनी न्हाव्याला बोलावणं पाठवलं. मी सुपारीच्या खोलीत शिरून आतून कडी घातली. सकाळपासून दुपारपर्यंत बसले. बाबा ओरडले, आत्या रडल्या, मी उघडलं नाही. मग तुम्ही आलात. तुम्ही मुंबईला कायदा शिकत होता. मला वाटलं, या घरात एक माणूस तरी माझ्या बाजूचं आलं. तुम्ही दाराला तोंड लावून म्हणालात, "अनू, दार उघड. बाहेर कोणी नाही."

मी उघडलं. समोर नामा न्हावी धोकटी घेऊन उभा होता.

त्याने माझ्याकडे पाहिलं, वस्तरा बोटावर घासून पाहिला आणि बाबांना म्हणाला, "धार न्हाय, मालक. उद्या येतो." उद्या उजाडायच्या आत पुण्याचे मामा मला घेऊन गेले. माझे केस वाचले ते एका न्हाव्याच्या बोथट वस्तऱ्याने. तुमच्यामुळे नाही.

तेव्हा काढा म्हणत होते, आता रंगवा म्हणतात. माझ्या डोक्याचा गावाला अजून कंटाळा कसा येत नाही?

माळ्यावर चढा.

अनुसूया


श्रीवर्धन, ५ जुलै १९३३

श्री. विश्वंभरराव यांस,

पत्रिका अजून नाही. दीड महिना होत आला. मुलगा दौऱ्यावरून आला नसेल तर शेजाऱ्याच्या मुलाला माळ्यावर चढवा.

आज तक्रार करण्यासाठी लिहीत नाही. पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं, ते दुरुस्त करायचं आहे. बाटली मी फेकून दिली नव्हती. फडताळात, पुस्तकांच्या मागे ठेवली होती. का ठेवली ते मला सांगता येत नाही. वाया कशाला घालवायची, असं मी मनाशी म्हटलं होतं. कोकणातल्या माणसाला कुठलीही वस्तू टाकवत नाही, हे खरं, पण तेवढंच खरं नाही.

काशी माझ्याकडे काम करते, तळे गावाकडची आहे, दहा वर्षं माझ्याजवळच राहते. तिने ती बाटली धूळ झटकताना बघितली. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्याला तेल घालताना म्हणाली, "बाय, ती बाटलीतली औषदां कशापाय? माक्याचा पाला नि आवळकाठी लोकंडाच्या कडईत भिजवाची. माजी आजी शंबर वर्सांची हून मेली, क्येस काळेकुट्ट."

"तुझ्या आजीला कोणी नोकरीवरून काढत होतं का?"

"न्हाय बा. तिला निस्ती हौस."

हौस! मला ते उत्तर फार आवडलं. माझी हौस असती तर मी लावला असता आणि कोणाच्या बापाला विचारलं नसतं. मला कोणी लावायला सांगतं, याचा संताप आहे.

असं म्हणून रविवारी दुपारी, काशी ओढ्यावर धुणं घेऊन गेली असताना, मी बाटली काढली. सबंध डोक्याला लावणार नव्हतेच. म्हटलं, कानामागची एक बट. कोणाला दिसणार नाही, मला तरी कळेल कसं दिसतं ते. लावलं. तासाभराने धुतलं. आरशात धरून पाहिलं. बट काळी झाली होती, पण माझ्या केसांसारखी काळी नाही, तव्याच्या बुडासारखी काळी. आणि डाव्या हाताचं बोट नखासकट काळं झालं. ते लिंबाने गेलं नाही, राखेने गेलं नाही.

सोमवारी सातवीत मी फळ्यावर गणित लिहीत असताना राहीने हात वर केला.

"बाई, तुमच्या बोटाला काय झालं?"

मी म्हटलं, "शाई."

चार मुली माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मी दोन वर्षं सांगत आले आहे की, उत्तर चुकलं तर चालेल, पण वहीत खाडाखोड करून बरोबर असल्याचं सोंग करू नका. आणि मी म्हटलं, शाई.

तुम्ही न्यायाधीश होता. आरोपीचं पहिलं खोटं किती लहान असतं, ते तुम्हाला माहीत असेल.

मी लावणार नाही. हे मी आता नक्की केलं आहे. मंडळाला पुरावा हवा, मी पुरावा देईन. पत्रिकेत अठ्ठेचाळीस आहे, आणि हे पांढरे केस अठ्ठेचाळीस वर्षांत आलेले आहेत. ते मी मिळवलेले आहेत. मनुबाईंना ते मिळाले नाहीत.

पत्रिका पाठवा. आता खरंच पाठवा.

अनुसूया


श्रीवर्धन, २६ जुलै १९३३

दादा,

पाकीट काल आलं. एक पत्रिका मागितली होती, तू दोन पाठवल्यास.

आजपासून "तुम्ही" लिहिण्याचा धीर माझ्यात नाही. रागावलेल्या माणसाला एवढ्या लांबून बोलता येत नाही.

एक शके १८०७ ची, स्वच्छ, हळदीकुंकवाची बोटं लागलेली, जी माझ्या लग्नात दाखवली. दुसरी १८०४ ची, कडा खाल्लेली, त्याच जोशीबुवांच्या अक्षरात. आणि सोबत तुझं पत्र, की मुलगी बारा वर्षांची झाली, घोडनवरी म्हणतील म्हणून बाबांनी जोशीबुवांकडून दुसरी करून घेतली आणि मला नववं लावलं. "हे तुला ठाऊक नसेल असं वाटलं, म्हणून पाठवायला जीव होत नव्हता." म्हणजे गुडघे दुखत नव्हते.

मला ठाऊक नव्हतं असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. मला आठवतं, त्या वर्षी आईने मला पडवीत बसवून सांगितलं होतं, "कोणी विचारलं तर नववं सांग. विसरू नकोस." मी म्हटलं होतं, "पण नववं तर केव्हाच झालं." तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. तो हात आठवतो, खोबरेल तेलाचा वास येत होता. पुढे मी नववंच सांगत गेले आणि त्यातूनच दहा, अकरा, अठ्ठेचाळीस असं मोजत आले. पुण्याच्या शाळेत मी वर्गात सगळ्यांत मोठी दिसायची. मला वाटायचं, माझा बांधाच थोराड आहे.

मी एकावन्न वर्षांची आहे. व्यापाऱ्याने नुसतं बघून ओळखलं.

आता तुझ्या पत्राच्या शेवटाकडे येते. तो मी काल पाच वेळा वाचला. "दोन्ही कागद तुझ्या स्वाधीन आहेत. दोन्ही एकाच हातचे, दोन्ही जुने. कोणता दाखवायचा ते तू ठरव. १८०७ चा दाखवलास तर कोणतंही न्यायालय त्यावर शंका घेणार नाही, असं मी अनुभवाने सांगतो."

पंचवीस वर्षं तू न्यायासनावर बसलास! दत्तात्रेयपंतांनी मला बाटलीत कलप आणून दिला, तू पाकिटातून पाठवलास. त्यांचा निदान बोटाला लागतो. त्यांनी निदान सांगितलं की हा कलप आहे.

आणि ते सोप्पं आहे, हाच माझा खरा संताप आहे. मी तो कागद सभेत ठेवायचा, एवढंच. मला एक शब्द खोटा बोलावा लागणार नाही. कागद बोलेल. सातवीचा वर्ग राहील, राहीचं लग्न थांबेल, चौघी परीक्षेला बसतील. चार मुलींचं भलं होतं आणि नुकसान कोणाचं होतं? कोणाचंच नाही. मी काल दिवसभर हेच घोकत होते. काशीने दोनदा विचारलं, "बाय, काय खाल्लं न्हाय तुमी. कोन वारलं का?"

मी म्हटलं, "माझी तीन वर्षं वारली."

ती म्हणाली, "गेली तर गेली. भात थंड हुतोय."

तुझ्या पत्रात आणखी एक ओळ आहे. "त्या दिवशी तू दार उघडलं नसतंस, तर बाबा ते तोडणार होते, आणि मग नामा नव्हे, दुसरा कोणी आला असता." ही ओळ मला छत्तीस वर्षांपूर्वी हवी होती. आज ती खरी मानावी की तीही दुसरी पत्रिका आहे, हे मला कळत नाही. दारातून तू मला "बाहेर कोणी नाही" म्हणालास. "बाहेर नामा आहे, त्याला भिऊ नकोस" असं म्हणाला असतास तर मी उघडलं असतं. मला खरं सांगून बघितलं तरी असतंस.

सभा सात ऑगस्टला आहे. काय करणार ते तुला विचारत नाही.

अनुसूया


श्रीवर्धन, ८ ऑगस्ट १९३३

ती. दादा यांस,

झालं ते क्रमाने लिहिते.

परवा, रविवारी, मी काशीला पाठवून नामाला बोलावून घेतलं. तो आता पार वाकला आहे, मुलगा दुकान बघतो. न्हावी धोकटी घेऊन माझ्या घराच्या पायऱ्या चढताना गल्लीने पाहिला आणि पाच मिनिटांत गावभर बातमी गेली की बाईंनी अखेर केस काढायचं मनावर घेतलं. मनुबाई काठी टेकत धावत आल्या. दारातूनच त्यांनी सुरुवात केली, "देवाने बुद्धी दिली हो! उशिरा का होईना..."

मी पाटावर बसले होते. नामाला कानामागची बट दाखवली आणि म्हटलं, "एवढी काळी आहे ती काप. मुळापासून."

"येवडीच?"

"एवढीच."

त्याने कात्रीने कापली. वस्तरा काढलाच नाही. मनुबाई जवळ येऊन बघत होत्या. माझे बाकीचे केस जागच्या जागी आहेत हे बघून त्यांचा चेहरा असा काही झाला की मला पहिल्यांदा त्यांची माया आली. "हे गं काय?" म्हणाल्या, "काळे काढलेस आणि पांढरे ठेवलेस?"

"हो."

"उलटंच तुझं सगळं," असं म्हणून त्या काशीने दिलेला चहा घेत बसल्या, आणि जाईपर्यंत माझ्या केसांकडे बघत होत्या.

मग मी नामाला विचारलं, "त्या दिवशी वस्तऱ्याला खरंच धार नव्हती?"

तो हसला. दात एकच उरला आहे. "धार वस्तऱ्याला व्हती, ताय. हाताला न्हवती."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"सांगनार कोन? वर येताना मोठे दादा पायरीवर उबे व्हते. बोलले काय न्हाय. निस्ते हात जोडलान त्यांनी." आणि त्याने हात जोडून दाखवले. "माज्यासारक्याला बामनानं हात जोडलेले मी त्या दिवशीच बगितले. आदी न्हाय न् मंग बी न्हाय."

दादा, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. का लिहिलं नाहीस ते मला समजतं आणि समजत नाही. हात जोडलेस हे चांगलं केलंस. मला खोटं सांगितलंस हे वाईट केलंस. पहिल्याने दुसरं पुसलं जात नाही, आणि दुसऱ्याने पहिलंही नाही, हे मला या वयात कळलं. एकावन्न म्हणजे फार उशीर नाही.

काल शाळेत आधी सातवीत गेले. मुलींना सांगितलं, "मागे माझ्या बोटाला शाई नव्हती. केसांना लावायचा कलप होता. मी खोटं बोलले."

राही म्हणाली, "म्हाईत व्हतं, बाई. शाई दोन दिसांत जाते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी शाई म्हनलाव ना," ती म्हणाली. त्यात चेष्टा नव्हती.

मग सभेला गेले. हरिभाऊ अध्यक्ष, दत्तात्रेयपंत आणि आणखी तिघे. मी १८०४ ची पत्रिका टेबलावर ठेवली. हरिभाऊंनी चष्मा पुसला, बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला आणि म्हणाले, "एकावन्न पुरी." कोणी वर बघेना. त्यांनी पुरावा मागितला होता, पण कोणी तो खरा आणून देईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दत्तात्रेयपंत माझ्या बाजूला झुकून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, दुसरी पत्रिका नाही का हो एखादी?"

"आहे."

"मग ती काढा ना!"

"ती खोटी आहे."

"अहो, इथं कोणाला..." एवढं म्हणून ते थांबले, कारण सगळे ऐकत होते, आणि कपाळावरचा घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला. रुमालाला काय लागलं ते सर्वांनी पाहिलं. हरिभाऊ खोकले.

मी राजीनामा वाचला आणि मग त्यांचाच ठराव वाचला, शब्द न् शब्द. पन्नास वर्षं पुरी झालेल्या शिक्षकाने पद सोडावं. मी म्हटलं, "पद आज सोडलं. शिकवू नये असं यात कुठे आहे ते दाखवा." त्यांनी कागद फिरवून फिरवून पाहिला. मी म्हटलं, "सातवीचा वर्ग शाळेच्या पटावर राहील. शिकवीन मी, माझ्या ओसरीवर, सकाळी सात ते दहा, पगाराशिवाय. कुमुद माझ्याजवळ बसून गणित शिकेल. चैत्रात चौघी परीक्षेला बसतील त्या शाळेच्या नावाने. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर नवा ठराव करा, आणि त्यात कारण लिहा. ते कारण मी शेटजींना वाचून दाखवीन."

हरिभाऊ म्हणाले, "ठरावात तसं काही नाही खरं." बाकीच्यांनी माना हलवल्या. कोणाला आनंद झाला नाही, मलाही नाही. बारा वर्षं ज्या खुर्चीवर बसले ती मी एका खोट्या कागदाने ठेवू शकले असते, आणि काल घरी येताना ती मला हवीहवीशी वाटत होती. हे लपवत नाही. पेन्शन नाही, ओसरी गळते, आणि भागोजीच्या पाहुण्यांना अजून समजवायचं आहे. तो म्हणाला, "तुमी हाव तवर, म्हनलावतो मी. तुमी हाव." मी आहे.

विद्यापीठालाही वयाची दुरुस्ती कळवली आहे. इतक्या वर्षांपूर्वीच्या चुकीचं त्यांना काय करायचं ते करोत.

नागपूरला येणार नाही. सूनबाईला उसंत तुझ्या मुलाने द्यावी. चैत्रात परीक्षा झाल्यावर मात्र, आगबोटी चालू असतील, गुडघे खरंच दुखत नसतील, तर तू ये. सुपारीची खोली आता दुसऱ्यांची आहे, पण दार तेच आहे.

आज सकाळी चार्ज दिला. त्याची नोंद, एक प्रत तुला:

कुमुदच्या हाती: शाळेच्या चाव्या तीन. हजेरीपट बारा वर्षांचे. पितळी घंटा, तिचा लोळा सैल आहे. हिंदुस्थानचा नकाशा, कुलाबा जिल्ह्याचा नकाशा, दुसऱ्याला वाळवी. सातवीच्या चार मुलींची नावं, त्यांच्या चुकांसह.

मंडळाच्या दफ्तरी: जन्मपत्रिका एक, शके १८०४, खरी.

दत्तात्रेयपंतांना: कलपाची बाटली एक, एका बटेपुरती वापरलेली. वर्तमानपत्र तेच. त्यांनी घेतली.

नामाला: धोतरजोडी. घेत नव्हता, घेतली.

ती. दादांना: जन्मपत्रिका एक, शके १८०७, या पत्रासोबत रजिस्टर टपालाने. ज्याची त्याला परत.

पोच यावी.

अनू